पवित्रीकरण व स्थिरनिष्ठा, ख्रिस्ती

पवित्रीकरण व स्थिरनिष्ठा, ख्रिस्ती : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील परस्परांशी निगडित असलेल्या दोन संकल्पना. देवाच्या कृपेने माणसाचे अंतःकरण व आचरण उत्तरोत्तर शुद्ध होत जाऊन त्याचे जीवन ख्रिस्ताच्या जीवनाशी अनुरूप होणे, या प्रक्रियेस पवित्रीकरण म्हणतात. तर संकट, मोह, छळ, आळस वा निराशा यांमुळे विचलित न होता अखेरपर्यंत श्रद्धेत टिकून राहणे म्हणजे स्थिरनिष्ठा. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती जीवनाचा आरंभ आहे. त्यापुढील सबंध आयुष्याचे स्वरूप काय असावे, या प्रश्नाचे उत्तर या दोन संकल्पनांतून मिळते. पवित्रता ही एकदा मिळवून जपून ठेवण्याची वस्तू नसून ती रोज चालण्याची वाट आहे आणि म्हणूनच चिकाटीवाचून ती संभवत नाही, असा या विचाराचा गाभा आहे.

संज्ञा व अर्थ : हिब्रू भाषेतील ‘कादोश’ आणि ग्रीक भाषेतील ‘हागिओस’ या शब्दांसाठी मराठी बायबलमध्ये ‘पवित्र’ हा शब्द योजला आहे. मूळ शब्दांचा अर्थ ‘वेगळे काढलेले’, ‘देवासाठी राखून ठेवलेले’ असा आहे. जुन्या करारात तो प्रथम देवाला, नंतर देवाच्या संबंधामुळे स्थळ, दिवस, पात्रे आणि माणसे यांनाही लावलेला आढळतो. यहुदी संदेष्ट्यांनी या अर्थाला नैतिक आशय दिला. देवासाठी राखलेल्या लोकांनी अनाथ, विधवा व परका यांना न्याय दिला नाही, तर त्यांचे यज्ञ व सण व्यर्थ होत, अशी त्यांची शिकवण होती. स्थिरनिष्ठेसाठी नव्या करारात येणारा ‘हुपोमोने’ हा ग्रीक शब्द ‘भाराखाली टिकून राहणे’ या अर्थाचा आहे. मराठीत त्यासाठी धीर, सहनशीलता व चिकाटी असे शब्द येतात. तथापि मूळ शब्दात निमूटपणे सोसण्यापेक्षा नेटाने पुढे जात राहण्याचा भाव अधिक आहे.

मराठीत ‘पवित्र’ हा शब्द सोवळेओवळे, स्पर्शास्पर्श आणि जन्मजात शुचिता या कल्पनांशी पूर्वापार जोडलेला होता. त्यामुळे बायबलच्या मराठी वाचकाला या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ नव्याने समजून घ्यावा लागला. माणसाला बाहेरून आत जाणारे अन्न विटाळत नाही, तर अंतःकरणातून बाहेर पडणारे द्वेष, लोभ व कपट हेच विटाळतात, ही येशूची शिकवण या ठिकाणी निर्णायक ठरते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती जीवनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या एका शब्दाच्या अर्थांतराचा इतिहास आहे.

बायबलमधील आधार : पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिताना तिच्या सभासदांना ‘पवित्र जन’ असे संबोधले आहे. त्याच पत्रात तो त्यांच्यातील तंटे, दुराचार व गर्व यांबद्दल त्यांची कानउघाडणीही करतो. ‘पवित्र जन’ हे त्यांच्या सिद्धीचे वर्णन नव्हते; ती त्यांना लाभलेली ओळख होती आणि तिला साजेसे वागणे हे त्यांचे पुढील कर्तव्य होते. फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात तारण साधून घेण्यासाठी झटण्याचा उपदेश आणि माणसाच्या ठायी इच्छा व कृती निर्माण करणारा देवच आहे, हे आश्वासन लागोपाठ येतात. मानवी प्रयत्न व दैवी कृपा यांच्या संबंधाविषयी पुढे झालेल्या बहुतेक वादांचे बीज या दोन विधानांच्या सान्निध्यात आहे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात दोन्ही संकल्पना एकत्र आल्या आहेत. या पत्राचे मूळ वाचक छळाने व दीर्घ प्रतीक्षेने थकलेले होते. पत्रकर्ता त्यांच्यापुढे शर्यतीचे रूपक ठेवतो : अंगावरील ओझे टाकून, पूर्वीच्या श्रद्धावंतांची साक्ष आठवत आणि येशूवर दृष्टी ठेवून धावायचे आहे. संकटांकडे पित्याने मुलाला लावलेली शिस्त म्हणून पाहावे, सर्वांशी शांततेने राहावे व पवित्रतेचा पाठपुरावा करावा, असे तो सांगतो. शर्यतीच्या या रूपकात एकट्याने जिंकण्याची कल्पना नाही. लंगडणाऱ्याचे पाऊल आणखी मुरगळू नये म्हणून वाट सरळ करण्यास तो सांगतो. दुर्बलाला सोबत घेऊन चालणे हाही पवित्रतेचाच भाग ठरतो. येशूला तीनदा नाकारूनही पश्चात्तापाने परत आलेल्या पेत्राची कथा याच दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. स्थिरनिष्ठा म्हणजे कधीच न पडणे नव्हे. पडल्यावर परत उठणे हेही तिच्यात येते.

ऐतिहासिक विकास : पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यातील छळामुळे स्थिरनिष्ठेचा प्रश्न जीवनमरणाचा झाला होता. सम्राट डीशिअसच्या कारकीर्दीत, इ. स. २५० मध्ये, सर्व प्रजाजनांनी देवतांना यज्ञ करावा अशी आज्ञा निघाली. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीने ती पाळली आणि छळ ओसरल्यावर ते चर्चमध्ये परत येऊ इच्छू लागले. नोव्हेशियनच्या अनुयायांनी त्यांना कायमचे बाहेर ठेवण्याचा आग्रह धरला. उलट कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पश्चात्ताप व प्रायश्चित्त यांच्या मार्गाने त्यांना परत घेण्याचा पक्ष मांडला. सिप्रियनला स्वतःला २५८ मध्ये हौतात्म्य पतकरावे लागले. चर्चने अखेर स्वीकारलेली भूमिका त्याच्या बाजूची होती.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियसने माणूस आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप जीवन जगू शकतो, असे प्रतिपादन केले. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्यास विरोध केला. सत्कृत्याची इच्छा हीच मुळात कृपेचे दान आहे आणि अखेरपर्यंत टिकणे हेही दानच आहे, असे त्याचे मत होते. आयुष्याच्या अखेरीस त्याने स्थिरनिष्ठेच्या दानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कार्थेज येथे ४१८ मध्ये भरलेल्या परिषदेने पेलेजियसची मते त्याज्य ठरविली. सहाव्या शतकात सेंट बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवासीयांच्या व्रतांत आज्ञापालनाबरोबरच एकाच मठात आजन्म राहण्याच्या आणि जीवनात अखंड परिवर्तन घडवीत राहण्याच्या प्रतिज्ञेस स्थान दिले. स्थैर्य व परिवर्तन ही वरवर विरोधी वाटणारी तत्त्वे तेथे एकाच व्रताची दोन अंगे मानली आहेत.

धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने माणूस केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो, या तत्त्वावर भर दिला. विश्वासी व्यक्ती एकाच वेळी नीतिमान व पापी असते, असे तो म्हणे. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने नीतिमान ठरणे व पवित्र होत जाणे या दोहोंत भेद केला, पण त्यांची ताटातूट मान्य केली नाही. डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) खऱ्या विश्वासी जनांना देव अखेरपर्यंत राखतो, हे मत सूत्ररूपाने मांडले. आर्मिनियसच्या अनुयायांच्या मते मात्र कृपा नाकारण्याची शक्यता माणसाला शेवटपर्यंत असते. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये कृपा व तिच्याशी माणसाचे स्वेच्छेने होणारे सहकार्य या दोहोंचा पुरस्कार केला. अठराव्या शतकात जॉन वेस्ली (१७०३–९१) याने प्रेमाची परिपूर्णता या जीवनातच शक्य आहे असे शिकविले आणि परस्परांच्या आचरणाची नियमित विचारपूस करणारे लहान गट उभारले. १८७५ पासून इंग्लंडमधील केझिक येथे भरणाऱ्या मेळाव्यांतून पवित्रतेच्या चळवळीचा प्रसार भारतातील मिशनांतही झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक घोषणापत्रात पवित्रतेचे पाचारण धर्मगुरू व संन्यासी यांच्यापुरते मर्यादित नसून सर्वांना आहे, असे स्पष्ट केले.

साधने : प्रार्थना, बायबलचे वाचन व मनन, उपासनेत सहभाग, पवित्र भोजनाचा विधी, पापांची कबुली, उपवास आणि सेवा ही पवित्रीकरणाची सर्वमान्य साधने होत. पंथांनुसार त्यांतील भर बदलतो : कॅथलिक व पौर्वात्य चर्चमध्ये संस्कारविधींवर, प्रॉटेस्टंट पंथांत वचनावर, तर पेंटेकोस्टल पंथांत पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर तो अधिक असतो. नियमितता हा या सर्वांचा समान घटक आहे. भावनेचा उत्कर्ष क्षणिक असतो. नेमाने केलेली साधना मात्र भावना ओसरल्यावरही माणसाला वाटेवर ठेवते, असा आध्यात्मिक मार्गदर्शकांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रातील उदाहरणे : कॅथलिक परंपरेत स्थिरनिष्ठेचा सर्वोच्च आविष्कार म्हणून हौतात्म्याकडे पाहिले जाते. वसई येथे जन्मलेले फ्रान्सिस्कन संघाचे बंधू गोन्सालो गार्सिया यांना जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी अन्य पंचवीस जणांसह क्रुसावर मृत्यू आला. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. गोव्यातील बाणावली येथे जन्मलेले जोसेफ वाझ (१६५१–१७११) यांचे उदाहरण निराळे आहे. डच सत्तेच्या बंदीमुळे विखुरलेल्या श्रीलंकेतील कॅथलिकांची त्यांनी प्रथम गुप्तपणे आणि पुढे आयुष्यभर सेवा केली. त्यांना २०१५ मध्ये संत घोषित करण्यात आले. एकाच्या ठायी स्थिरनिष्ठेची कसोटी मरणाने लागली, तर दुसऱ्याच्या ठायी दीर्घ श्रमाने.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र पुढे अनेक वर्षांनी सापडला, अशा आशयाचे आत्मपरीक्षण त्यांनी आपल्या साक्षीत केले आहे. केडगाव येथील मुक्ति मिशनमध्ये १९०५ मध्ये मोठे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले. प्रार्थना, अश्रू व पापकबुली यांचे पर्व तेथे बराच काळ चालले. त्या भावनावेगानंतरही दुष्काळपीडित व निराधार स्त्रियांचे संगोपन, त्यांचे शिक्षण आणि छापखान्याचे काम अखंड चालू राहिले, ही या घटनेची खरी फलश्रुती म्हणावी लागेल. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरीस पुरे केले आणि ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले.

सातारा व सांगली परिसर : अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साताऱ्यात आपले केंद्र स्थापन केले, सांगली, मिरज व कोल्हापूर या संस्थानी मुलखात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे कार्य विस्तारले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन विलीन संस्थानांच्या प्रदेशासह दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या परिसरात पवित्रता व स्थिरनिष्ठा यांचे तीन भिन्न आविष्कार पाहावयास मिळतात.

त्यांतील पहिला कवी रेव्ह. नारायण वामन टिळक (मृ. १९१९) यांच्या अखेरच्या वर्षांशी संबंधित आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अहमदनगर येथे मिशनच्या सेवेत दीर्घ काळ घालविला. तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु मिशनच्या पगारावर, परकीय वळणाच्या उपासनेवर व संस्थेच्या छत्रावर अवलंबून राहिलेले ख्रिस्ती जीवन मराठी मातीत कितपत टिकेल, ही चिंता त्यांना उत्तरोत्तर ग्रासू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. दोन वर्षांच्या आतच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि हा दरबार संघटना म्हणून टिकला नाही. त्यांची अभंगादी गीते मात्र मराठी चर्चच्या उपासनेत रुजली. संस्थेचे अल्पायुषी होणे आणि साधनेचे टिकून राहणे, या दोन गोष्टी येथे एकाच प्रयत्नातून निष्पन्न झाल्या आहेत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे परिवर्तन अधिक सावकाश, पण तितकेच मूलगामी होते. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या आणि पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही आपले सोवळे पाळत राहिल्या. जातिभेद मनुष्यकृत आहे ही गोष्ट त्यांना स्वतःच्या विचाराने पटली, तेव्हा त्यांनी तो सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये घेतला. स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्रात (१९३४ पासून प्रसिद्ध) हा प्रवास कोणताही अभिनिवेश न धरता सांगितला आहे. शुचितेची जुनी कल्पना मागे पडून पवित्रतेचा नवा अर्थ अंगी मुरण्यास किती काळ व किती मनोव्यापार लागतो, याचे मराठीतील हे सर्वांत विश्वसनीय चित्रण होय. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी ६४ अध्यायांची भर घालून पुढे नेले व ते १९३८ मध्ये प्रकाशित झाले.

दुसरा आविष्कार मिरजेच्या वैद्यकीय सेवेचा. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. मिरज येथे १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १९२८ पर्यंत त्यांनी तेथे सेवा केली. शस्त्रक्रियेबरोबरच वैद्यकीय शिक्षण, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा व क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम असा या कार्याचा विस्तार झाला. सांगली-मिरज मार्गावरील वानलेसवाडी हे नाव त्याचीच स्मृती होय. ज्या काळी कुष्ठरोग्याचा स्पर्श टाळला जाई, त्या काळी त्याच्या जखमा नित्यनेमाने धुणे हे पवित्रतेच्या रूढ कल्पनेचे प्रत्यक्ष उत्तर होते. या कामात डॉक्टरांइतकाच स्थानिक परिचारिका व सेवक यांचा वाटा होता, जरी त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली.

तिसरा आविष्कार अप्रसिद्ध आहे, पण कदाचित सर्वांत महत्त्वाचा. या भागातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतून आलेला आहे. ज्यांना जन्माने अपवित्र ठरविले गेले, त्यांना चर्चमध्ये ‘पवित्र जन’ म्हणून संबोधले जाणे ही सामाजिक दृष्ट्याही क्रांतिकारक गोष्ट होती. तिची किंमत त्यांना अनेक पिढ्या मोजावी लागली. गावाशी असलेले पूर्वापार संबंध दुरावले. मिशनांचा आधार स्वातंत्र्योत्तर काळात कमी होत गेला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता राखला गेला; पुढे १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्यांना मात्र मिळाला नाही. चर्चच्या अंतर्गत जीवनातूनही जातिभावना पूर्णपणे नाहीशी झाली नाही. अशा स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या उपासना, मुलांचे शिक्षण व परस्परसाहाय्य चालू ठेवणारी कुटुंबे, त्यांतही विशेषतः स्त्रिया, हेच स्थिरनिष्ठेचे खरे वाहक ठरले आहेत.

आक्षेप व मूल्यमापन : पवित्रतेच्या आग्रहातून दोन दोष संभवतात. आपण इतरांहून शुद्ध आहोत या भावनेतून अहंकार व दुजाभाव निर्माण होतो आणि सोवळ्याचाच एक नवा प्रकार जन्मास येतो. याउलट आदर्श गाठता न आल्यास निराशा व अपराधी भावना बळावते. पहिल्यावर उपाय म्हणून कृपेचा आणि दुसऱ्यावर उपाय म्हणून क्षमेचा सिद्धांत ख्रिस्ती धर्मशास्त्र पुढे ठेवते. स्थिरनिष्ठा आणि अन्याय मुकाट्याने सोसणे यांत फरक केला पाहिजे, हा आधुनिक काळातील विचारही महत्त्वाचा आहे. दुर्बलाला ‘धीर धर’ असे सांगून त्याच्यावरील अन्यायाकडे दुर्लक्ष करणे, हे संदेष्ट्यांच्या शिकवणीशी विसंगत होय.

मराठी वाचकास या विचाराची वाट अपरिचित नाही. ज्ञानेश्वरांची पालखी दरवर्षी सातारा जिल्ह्यातून जाते. वारी न चुकविणारा वारकरी व सज्जनगडावर नित्य उपासना चालविणारा साधक यांनाही नेमाचे मोल ठाऊक आहे. दोहोंचे तत्त्वज्ञान ख्रिस्ती मताहून भिन्न आहे, हे विसरता येत नाही. ख्रिस्ती दृष्टीने टिकून राहण्याचे अंतिम श्रेय माणसाच्या निर्धाराकडे न जाता त्याला धरून ठेवणाऱ्या देवाकडे जाते. पण त्या धरून ठेवण्याची खूण बाहेर दिसते ती रोजच्या आचरणातच : कुष्ठरोग्याच्या पट्टीत, पगारावर सोडलेल्या पाण्यात, आणि अडचणीच्या वर्षीही रविवारी उघडलेल्या खेड्यातील लहानशा प्रार्थनामंदिराच्या दारात.